बंधुसभेत दिलेला शब्द

श्टाइनग्रुंड, मॅनिटोबा, कॅनडा
८ नोव्हेंबर

बंधू गेरहार्ड,

आपल्याकडे पत्राच्या सुरुवातीला प्रभूची शांती लिहितात. ती लिहायला घेतली आणि पेन अडलं, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. तुझी बहीण दारू पीत नव्हती.

आपल्या पंथाच्या तुमच्या बोलिव्हियातल्या वसाहतीत फोन ठेवत नाहीत, नाहीतर हे मी तोंडानेच सांगितलं असतं. कदाचित पत्रच बरं. तोंडाने मी जास्त बोललो असतो.

युस्टिनाला अंडाशयाचा कर्करोग आहे. गाठ लहान आहे, आलुबुखाराएवढी. विनिपेगच्या इस्पितळात ती सापडली. पण तिचं चालणं गेलं, जीभ गेली, ते गाठीमुळे नाही, म्हणजे सरळ गाठीमुळे नाही. तिथे मेंदूच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर कोवाल्चुक म्हणून बाई आहेत. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. शरीराने गाठ ओळखली आणि तिच्याशी लढायला फौज उभी केली. फौज चांगली होती, म्हणून तर गाठ एवढीशी राहिली. पण गाठीच्या अंगावर जी खूण होती, तशीच खूण डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूतल्या पेशींवर असते. फौजेने ती पाहिली आणि तिथेही कापाकापी केली. तोल सांभाळणं, जीभ वळवणं, डोळे एका जागी ठेवणं, घास नीट गिळणं, ही सगळी कामं तिथून चालतात. त्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

"म्हणजे तिने स्वतःच स्वतःला मारलं?" मी विचारलं.

"तिने नाही. तिचं रक्षण करणाऱ्यांनी," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटत होतं, आपण बरोबरच करतोय."

मला बंधुसभा आठवली, मंडळीतल्या पुरुषांची ती बैठक.

त्या सभेत तू उभा राहिलास तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होतो. "सख्ख्या बहिणीबद्दल बोलताना जीभ जड होते," अशी तू सुरुवात केलीस. मग जीभ हलकी झाली. ग्रेटा पेनरकडे गोधडी शिवायला जमलेल्या बायकांसमोर ती भिंत धरून चालली. रविवारच्या दुपारी कॉफीचा कप तिने तुझ्या पोरीच्या अंगावर सांडला. प्रार्थनेत तिचे शब्द एकमेकांत अडकले. आणि पिठाच्या पिंपामागे तुला त्या कडू टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. मी उठून म्हणालो की ती पीत नाही. आपल्या मंडळीचे प्रमुख वडील, बंधू थीसन, म्हणाले, "डीडरिख, बस. नवरा-बायको एकदेह असतात. नवऱ्याची साक्ष म्हणजे आरोपीचीच साक्ष." मी बसलो.

ठराव झाला की कबुली देईपर्यंत तिने प्रभुभोजनाला, भाकरी आणि प्याल्याला, येऊ नये. नंतर सगळे तिला समजवायला येत राहिले. थीसन स्वतः आले. "एक वाक्य, युस्टिना. तू बोल, मंडळी तिथल्या तिथे माफ करेल, आणि त्याच दुपारी सगळे तुझ्याकडे कॉफीला येतील."

"प्यायलेच नाही तर कुठलं वाक्य बोलू?" ती म्हणाली. "न केलेल्या पापाची माफी मागितली तर ते एक पाप होईल. मग त्याची माफी कुणाकडे मागू?"

तू शरदात कुटुंब घेऊन बोलिव्हियाला गेलास. ती घरात बसली. एका कापणीपासून पुढच्या कापणीपर्यंत आपल्या गावात कुणालाच वाटलं नाही की हिला डॉक्टर पाहिजे. जिला कबुली पाहिजे तिला डॉक्टर कशाला? मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "डॉक्टरही तेच म्हणेल, आणि मग ते कागदावर येईल." शेवटी ती लोणच्याच्या बरण्या घेऊन तळघराच्या जिन्यावरून पडली आणि मनगट मोडलं, म्हणून शहरातल्या दवाखान्यात नेली. तिथल्या तरुण डॉक्टराने तिचं बोलणं ऐकलं आणि खाली वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "वास नाही." आणि विनिपेगला फोन लावला.

गेरहार्ड, अख्ख्या मंडळीत वाकून वास घ्यायला एकही माणूस निघाला नव्हता.

आता मागणं. बंधुसभेत दिलेला शब्द ज्याने दिला त्यानेच परत घ्यायचा, हा आपला नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी इस्पितळाचं पत्र थीसनना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे खरं असेल," म्हणाले, "पण साक्ष गेरहार्डची आहे. ती डॉक्टर कशी मागे घेणार?" तेव्हा तू लिही. तुझ्या हाताने, तुझ्या शब्दांत, सही करून. लोक वाचतील म्हणून लिहू नकोस, तुझी बहीण ऐकेल म्हणून लिही. तिला मरण्याआधी आपल्या माणसांत बसून भाकरी मोडायची आहे. तिचं आणखी काही मागणं नाही.

डीडरिख हीबर्ट


१४ जानेवारी

बंधू गेरहार्ड,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला वेळ लागतो, असं मी युस्टिनाला सांगतो. ती म्हणते, "त्याच्या घराला फाटक आहे ना? मग पोचलं असेल. लिहायचं नसेल."

शस्त्रक्रिया झाली, गाठ काढली. पोटात इतरत्र बारीक ठिपके राहिलेत. त्यासाठी तिसऱ्या मजल्यावर एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. बायकांच्या कर्करोगावरचं औषध, शरीराच्या फौजेला आणखी चेतवणारं. आम्हाला वाटलं, घेतील. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि मान हलवली. जिची फौज आधीच स्वतःच्या मेंदूवर उलटली आहे तिला ते औषध देणं म्हणजे आगीत पेंढा टाकणं. ते चूक बोलले नाहीत. मी मागाहून पुन्हा विचार केला, ते चूक बोललेच नाहीत.

सहाव्या मजल्यावर कोवाल्चुक बाईंचा अभ्यास चालतो. त्यांना अशाच बायका हव्यात, जिथे कर्करोग आणि मेंदू एकमेकांत अडकलेत. अशा फार थोड्या असतात. तेव्हा मेंदूमुळे तिसऱ्या मजल्याने नाकारलं आणि कर्करोगामुळे सहाव्या मजल्याने घेतलं. लिफ्टमध्ये युस्टिना म्हणाली, "कुठेतरी माझी साक्ष चालली म्हणायची."

(हल्ली तिचं बोलणं मला एकट्याला नीट कळतं. मी इथे लिहितो तसं ते सरळ बाहेर येत नाही. शब्द तुटतात, एक मोठा, एक बारीक, मध्येच लांबण. तू ऐकलंस तर तुला तेच वाटेल जे तेव्हा वाटलं होतं.)

बाईंनी सही घेण्याआधी सगळं सांगितलं. पाठीच्या कण्यातलं पाणी काढणार, रक्त घेणार, चालण्याची चित्रफीत करणार. "आणि या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला काहीही फायदा होणार नाही. हे मला सांगावंच लागतं."

युस्टिना हसली. "आमच्या मंडळीत उलटं असतं, बाई. तिथे सगळं माझ्या भल्यासाठीच चाललेलं असतं."

तिथे मारीसेल म्हणून एक नर्स आहे, फिलिपिनी, तोंडाची फटकळ. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली असते, त्यावरून चालायचं, कॅमेरा समोर. मारीसेल तिच्या कमरेला धरायचा पट्टा बांधते आणि विचारते, "मावशी, आज कुठे निघालीस?"

"त्या टोकापर्यंत. पोचले तर कळवते."

मग ती चालते. पाय कुठे पडणार हे पायालाच माहीत नसतं. मारीसेल म्हणाली, "माझा नवरा नाताळात अगदी असाच चालतो, मावशी. आणि त्याला आजार कुठला, काही नाही." मी दचकलो. मला वाटलं, ही आता रडेल. युस्टिना भिंतीला टेकून इतकी हसली की मारीसेलला कॅमेरा बंद करावा लागला. कुणीतरी तोंडावर म्हटलं म्हणून हसली असेल. आपल्याकडे सगळं पाठीमागे म्हणायची पद्धत.

चित्रफितीचा विषय काढायला थीसन घरी आले. तुला माहीतच आहे, आपल्यात फोटो काढणं चालत नाही, भिंतीवर आईबापांचाही नसतो. ते खुर्चीच्या कडेवर बसले, ग्रेटा पेनरही सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन बरोबर आलेली.

"युस्टिना, बाईमाणसाने असं स्वतःला दाखवणं बरं दिसतं का? अनोळखी पुरुष बघणार."

"थीसनकाका, दोन वर्षं मला सगळ्यांनी फुकट पाहिलं," ती म्हणाली. "गोधडीच्या बायकांनी पाहिलं, बाकावरून पाहिलं, खिडकीतून पाहिलं. काय शिकलात? आता डॉक्टरांना पाहू दे. त्यांना परीक्षा तरी असते."

मी तिचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणून दाखवलं, कारण त्यांना कळलं नव्हतं. ग्रेटाने बीचं टरफल हातातच धरून ठेवलं. म्हणाली, "खिडकीतून मी एकदाच पाहिलं होतं." चित्रफितीसाठी युस्टिना काळा रुमाल बांधून, रविवारचे कपडे घालून जाते.

उत्तर लिही.

डीडरिख


२० मार्च

गेरहार्ड,

तुझं पत्र आलं.

युस्टिनाला वाचता येत नाही आता. डोळे सतत उड्या मारतात, त्यामुळे अक्षरंही मारतात. तेव्हा मलाच वाचून दाखवावं लागलं. आधी मी एकट्याने वाचलं आणि काय करावं यावर बराच वेळ गोठ्यात बसलो. काही ओळी गाळता आल्या असत्या. काही घालताही आल्या असत्या, आवाज माझाच असणार होता. पण ज्या बाईने एक खोटं वाक्य बोलायला नकार देऊन एवढं सोसलं, तिला मी खोटं पत्र वाचून दाखवू? जसं होतं तसं वाचलं.

"आजार असेल तर ती देवाची इच्छा. परंतु मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच बोललो. बाटल्या होत्या. पाहिलेलं न पाहिलेलं कसं करू?"

तिने सांगितलं, "पुन्हा वाच." मी वाचलं. मग ती म्हणाली, "गेर्ड बदलला नाही." आणि तिने मला ती गोष्ट सांगितली, जी आजवर तुमच्या घराबाहेर गेली नव्हती. तू नऊ-दहा वर्षांचा होतास, कोंबडीखालचं एक अंडं कमी भरलं आणि तू कुत्र्याला बदडलंस. संध्याकाळी अंडं आईच्या एप्रनच्या खिशात निघालं. आईने विचारलं, कुत्र्याला का मारलंस? तू म्हणालास, "ते खुराड्याजवळच बसलं होतं. ते तर मी पाहिलंच ना."

बाटल्यांचं ऐक. बाटल्या होत्या. मीच आणून दिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिचं पोट फुगायला लागलं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं. आपल्याकडे पोटाला काय देतात? तुझी आई काय द्यायची? प्रत्येक फडताळात ते टॉनिक असतं, तुझ्याही होतं, आणि त्यात दारूचा अंश असतो हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही, कारण ते औषध. ती जेवणानंतर दोन चमचे घ्यायची. रिकाम्या बाटल्या पिंपामागे ठेवायची, कारण उन्हाळ्यात त्यांत फळांचा रस भरतात. सगळ्या बायका ठेवतात. मी कोवाल्चुक बाईंना विचारलं, पोट फुगणं कशाचं? त्या म्हणाल्या, अंडाशयाच्या कर्करोगात बहुतेक बायकांना हेच आधी होतं, आणि बहुतेक जणी हेच करतात, पाचक घेतात.

म्हणजे तू बंधुसभेत जे जे मोजून दाखवलंस, भिंत धरणं, कप सांडणं, जीभ अडकणं, बाटल्या, ते सगळं त्या आजाराचं होतं. कोवाल्चुक बाईंना तू एवढं सांगितलं असतंस तर त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं. तुझी नजर चांगली आहे, गेरहार्ड. इतकं बारकाईने नवऱ्यानेही पाहिलं नव्हतं. तू पाहिलंस ते खरं आणि समजलास ते खोटं. ती दोन वेगळी करून लिही, एवढंच मागतो आहे.

मी बाईंना आणखीही एक विचारलं. वर्षभर आधी आणली असती तर? त्यांनी चष्मा काढला, पुसला. "चालली असती का, सांगता येत नाही," म्हणाल्या. "या आजारात पहिले काही आठवडेच हातात असतात. कधी तेही नसतात." थोडं थांबून म्हणाल्या, "पण आठवडे." तुला कळवावं असं वाटलं.

थीसन म्हणतात, हवं तर मी मजकूर तयार करून गेरहार्डकडे पाठवतो, त्याने नुसती सही करावी. मला पटलं होतं. युस्टिना नाही म्हणाली. "शब्द त्याचे पाहिजेत. सही तर तो बैलाच्या पावतीवरही करतो."

उन्हाळ्याच्या तोंडाशी, पेंटेकॉस्टच्या सणाला प्रभुभोजन आहे. शरदातल्या प्रभुभोजनापर्यंत ती राहील असं कुणी म्हणत नाही.

डीडरिख


६ जून

गेरहार्ड,

तू थीसनना परस्पर लिहिलंस. मला नाही, तिला नाही. चालेल, नियमाप्रमाणे तेच बरोबर.

त्यांनी ते आम्हाला स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवलं. तू लिहितोस की गैरसमज झाला असल्यास तू आपले शब्द मागे घेतोस, मात्र युस्टिनानेही त्या दिवशी दारात तुला जे सुनावलं त्याची मंडळीसमोर माफी मागावी, म्हणजे दोन्ही बाजू साफ होतील.

थीसन खूश होते. त्यांची आयुष्यभराची रीत हीच, दोघांनी थोडं थोडं वाकायचं. म्हणाले, "बघ युस्टिना, देवाने वाट काढली."

मी उठून बाहेर गेलो. जिचा कमरेखालचा देह तिचं ऐकत नाही तिने वाकायचं. पोर्चवरून मला आतलं ऐकू येत होतं. तिने विचारलं, "मी दारात काय म्हणाले होते, तेवढंच ना?"

"तेवढंच."

"म्हणाले होते, या घरात पुन्हा जेवायला येऊ नकोस. ते मी म्हणाले. रागाने म्हणाले. ते केलेलं पाप आहे, त्याची माफी मागते."

मी आत येऊन म्हणालो, "युस्टिना, हा सौदा आहे."

"त्याच्याकडून असेल," ती म्हणाली. "डीडरिख, त्याचा शब्द कुठल्या वाटेने आला ते मला नको, मला आत जायचंय."

तर आता ऐक, पेंटेकॉस्टच्या प्रभुभोजनाला काय झालं ते. तुला सगळे कळवतील की छान झालं. मी जे झालं ते कळवतो.

मी आणि ग्रेटा पेनरने मिळून तिला चाकाच्या खुर्चीतून बायकांच्या बाजूला नेलं. प्रवचनानंतर थीसनांनी तिचं नाव घेतलं. उभं राहायची रीत आहे, तिला जमणार नव्हतं, तरी तिने खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसली. मग बोलली. ते कुणाला कळलं नाही. मागच्या बाकांवर पोरं एकमेकांना ढोसत होती. थीसनांनी मला खूण केली आणि मी पुरुषांच्या बाजूने उठून मधल्या वाटेत उभा राहिलो. ती एक वाक्य बोलायची, मी ते पुन्हा म्हणायचो. "मी माझ्या भावाला दारातून परत लावलं." "रागाने लावलं." "देवाची आणि मंडळीची माफी मागते." गेरहार्ड, त्या मंडळीत माझी साक्ष तेव्हा पहिल्यांदा धरली गेली.

मग तुझा कागद वाचला. तुझ्या "असल्यास"वर थीसन जरा भरभर गेले. ते त्यांच्या परीने चांगले आहेत.

मग भाकरी फिरली. मी तिला बारीक तुकडा करून दिला, तिने हळूहळू गिळला, ठसका लागला नाही. मग प्याला आला. तुला आठवतं, आपल्याकडे अजून एकच प्याला फिरतो आणि त्यात खराखुरा, आंबवलेला द्राक्षारस असतो, वाइनच. थीसनांनी तो तिच्या ओठांपर्यंत धरायला हवा होता. ते धरतच होते. पण तिने दोन्ही हात पुढे केले. तिला स्वतःच्या हाताने घ्यायचा होता, इतकी वाट पाहिली होती. तिचे हात काही पकडायला गेले की जास्त थरथरतात, जवळ येतील तसे जास्त. इस्पितळात त्याचीही चित्रफीत आहे. प्याला तिच्या हनुवटीवर आपटला आणि रस गळ्यावरून, रविवारच्या कपड्यांवरून मांडीपर्यंत गेला.

सगळी मंडळी बघत होती. आणि कुणीही, एका माणसानेही, काही वाईट केलं नाही. ग्रेटाने रुमाल काढून पुसलं. थीसनांनी प्याला पुन्हा भरून आणवला आणि या वेळी स्वतः धरला. ती प्यायली. सगळ्यांनी गीत म्हटलं.

पण मी चेहरे पाहिले, गेरहार्ड. थोड्याच जणांचे, पण पाहिले. त्यांना ती आजारी बाई दिसत नव्हती. त्यांना तू सांगितलेलीच दिसत होती. तुझा कागद वाचून झाल्यावरसुद्धा.

घरी येताना गाडीत काच खाली करायला लागली. युस्टिना म्हणाली, "बघ, आता खरंच वास येतोय." आणि हसली, आणि मग हसता हसता रडली, आणि ते रडणं थांबवणंही तिच्या हातात राहिलेलं नाही.

डीडरिख


१९ ऑक्टोबर

गेरहार्ड,

तू येणार असल्याचं तुझं पत्र थीसनांनी मला दाखवलं. तेव्हा काही गोष्टी तू येण्याआधीच सांगतो, म्हणजे फाटकात उभं राहून सांगायला नकोत.

युस्टिना ऑगस्टमध्ये गेली, ते तुला कळलंय. कर्करोगाने गेली नाही. पाणी चुकीच्या वाटेने फुफ्फुसात गेलं आणि ताप आला. त्याआधी आपल्या सुट्टीच्या दिवशी मारीसेल बसने इथे आली, सोबत भाताची खीर घेऊन. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मारीसेलला तिचं सगळं कळायचं. जाताना मला म्हणाली, "मावशीने सांगितलंय, तुम्हाला गहू कापायला लावा. इथे बसून तुमचं तोंड बघवत नाही म्हणे." मी गेलो. शेतातूनच मला बोलावून आणलं. ती गेली तेव्हा ग्रेटा पेनर तिच्याजवळ होती, हात धरून होती. ग्रेटाचं एवढं मी मानतो.

तिने मेंदू अभ्यासाला द्यायचं लिहून दिलं होतं. मीही सही केली. गावात त्यावर बोलणं झालं. ग्रेटानेच विचारलं, "पुनरुत्थानाच्या दिवशी अर्धी उठणार का ती?" मी म्हणालो, "ज्याने मातीतून माणूस केला त्याला एवढं जमेल." माझी तेवढी श्रद्धा आहे. तिच्यावर शंका नको.

कोवाल्चुक बाईंचं पत्र आलं. मेंदूच्या त्या भागात ज्या मोठ्या पेशी असायला हव्यात, त्यांतली जवळजवळ एकही उरली नव्हती. ती इतके महिने बोलली, हसली, पट्टीवरून चालली, ते कशाच्या जोरावर, हे त्यांना नीट सांगता येत नाही, त्यावर त्या पुढे काम करणार आहेत. त्यांनी हेही लिहिलं की पश्चिमेकडच्या एका दवाखान्यात युस्टिनाची चित्रफीत पाहिलेल्या डॉक्टराने एका बाईला पहिल्याच पंधरवड्यात ओळखलं. ती बाई काठी घेऊन चालते. मला आनंद व्हायला पाहिजे. झाला, काही अंशी. मग मनात आलं की त्या बाईबद्दल सभा भरवायला तिच्या माणसांना वेळच मिळाला नाही. अशा विचाराचं काय करायचं, मला कळत नाही. मी तो देवापुढे ठेवतो आणि तो परत माझ्याकडेच येतो.

मागच्या रविवारी शरदातलं प्रभुभोजन झालं. त्याआधी आदल्या आठवड्यात थीसन एकेकाला बोलावून विचारतात, तुझी देवाशी आणि सर्व माणसांशी शांती आहे का? सगळे हो म्हणतात. मीही पंचवीस वर्षं हो म्हणत आलो.

"एक माणूस सोडून," मी म्हणालो.

त्यांना नाव विचारायची गरज नव्हती. "त्याने शब्द मागे घेतला, डीडरिख. तिने माफ केलं. स्वतः माफ केलं, मी ऐकलं."

"तिने केलं. मी तिचा दुभाषी होतो."

"मग तू प्याल्याजवळ कसा येणार?"

"नाही येणार," मी म्हणालो. "हो म्हणालो तर ते खोटं होईल. घरात एक माणूस होतं जे खोटं बोललं नाही, मी तिच्यानंतर सुरू कसं करू?"

थीसन म्हातारे झालेत. बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिले. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नाही, हे मी त्यांना सांगितलं. तुलाही तेच सांगतो. मी रोज प्रार्थनेला बसतो आणि तुझं नाव घेतो. नावापर्यंत येतं. त्यापुढचं वाक्य येत नाही. मी जोर लावत नाही, जोर लावून आलेलं वाक्य देव घेत नाही, असं माझ्या समजुतीत आहे. प्रभुभोजनाच्या वेळी मी बाहेर गाडीत बसलो. आतलं गीत ऐकू येत होतं, म्हटलंही थोडं.

तर तू ये. तुझी बहीण आहे, तुला कोण अडवणार? ग्रेटाने तुझ्यासाठी खोली तयार केली आहे. माझ्याकडे जेवायला येशील तर मी ताट वाढीन, कारण दारातून लावल्याबद्दल तिने माफी मागितली आहे आणि ती मी मोडणार नाही. कबरीवर दगड अजून बसलेला नाही, तेव्हा जागा दाखवायला मीच येईन. तोवर जमीन गोठलेली असेल, चालताना सांभाळ.

एक मात्र कर. तिथे उभे असताना हात पुढे करू नकोस. तू केलास तर मी तो घेईन, आपल्याला लहानपणापासून तशी सवय आहे, माझा हात आपोआप येईल. आणि बघणाऱ्यांना वाटेल, झालं, मिटलं. ते खोटं असेल, गेरहार्ड. तिच्या शेजारी उभं राहून एवढं खोटं माझ्याकडून करवून घेऊ नकोस.

डीडरिख हीबर्ट